काशिनच्या संत आन्नाची तसबीर : फ्रेम झकास, छपाईवर नजर ठेवा

कोल्हापूरच्या महाद्वार रोड परिसरातलं हे फ्रेमचं दुकान अंबाबाई-जोतिबाच्या तसबिरींवर चालतं आणि त्यात कारागिरांचा हात बसलेला आहे. पट्ट्यांचे कोपरे ४५ अंशांत चपखल, मागचा कागद ताणून चिकटवलेला. घोळ होतो तो प्रतिमा अनोळखी असली की. इथे ती होती रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या संत आन्नाची.

रशियातल्या रोस्तोवची राजकन्या आन्ना त्वेरचा राजा मिखाईल याची राणी झाली. १३१८ मध्ये मंगोलांच्या सुवर्ण टोळीने नवऱ्याला ठार केलं. पुढे दोन मुलगे आणि एक नातूही त्याच टोळीच्या हातून मारले गेले. आन्नाने संन्यास घेतला, १३६८ मध्ये काशिनला देह ठेवला. १६५० मध्ये तिला संत ठरवलं आणि १६७७-७८ मध्ये ते पद काढून घेतलं! क्रूसाची खूण तीन बोटांनी करायची असा नियम चर्चने तोवर केला होता, आणि हा बदल न मानणारे जुन्या पंथाचे लोक मात्र आन्नाच्या पार्थिवाच्या हाताकडे बोट दाखवून सांगत, बघा, दोनच बोटं. पद परत मिळायला १९०९ साल उजाडलं.

म्हणजे दोन बोटांची मुद्रा असलेली प्रत छापायची तर सगळा जीव त्या हातात. दुकानाच्या 'फोटो क्लीन'मध्ये नेमकी तीच बोटं एकमेकांत मिसळली. चेहराही लग्नाच्या अल्बमसारखा गोरा केला. रशियन चर्चच्या या चित्रशैलीत चेहऱ्याच्या रंगाखाली हिरवट-तपकिरी थर मुद्दाम देतात. तो गेला की चेहरा सपाट दिसतो. तेव्हा 'रिटच नको, क्रॉप नको' असं पावतीवरच लिहून घ्या, नाहीतर कडेची अक्षरं फ्रेमखाली जातात.

१२ बाय १६ इंचाला ३६०० बाय ४८०० पिक्सेलची फाइल लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली तर ती दबते. पेन ड्राइव्हवरच न्या. सोनेरी पार्श्वभूमी मॅट कागदावर मळकट पिवळी येते, लस्टर (हलकी चमक असलेला) कागद मागा. छोटा नमुना आधी काढून देतात, पण मागितला तरच.

काच थेट चित्रावर बसवू देऊ नका. इथल्या पावसाळ्यात ओल धरून शाई काचेला चिकटते आणि सोडवताना चित्र सोलतं. मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, निदान २ मिमी जाडीचा.

फ्रेमला पाच तारे, छपाईला दोन. छपाई बाहेरून करून आणली तरी नुसती फ्रेम कुरकुर न करता करून देतात, दर रनिंग फुटावर.