फ्लुओक्सेटिन: एकटं राहायला घाबरणाऱ्या कुत्र्यावर आठ महिने वापरल्यानंतर

फ्लुओक्सेटिन या चिंता-नैराश्यावरच्या औषधाची गोळी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात कुत्रा दिवसभर पडून राहतो आणि घरच्यांना वाटतं, लागू पडली. ती नुसती सुस्ती असते. भीती कमी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी आठही. मधल्या काळात काही कुत्री उलट जास्तच अस्वस्थ होतात, येरझाऱ्या घालतात, आणि नेमकी तेव्हाच गोळी बंद केली जाते. उपचार फसण्याचं नेहमीचं कारण हेच.

डोस किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला माणसांच्या औषधातली 20 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल. बरेच व्हेट त्याहून कमीवर सुरुवात करून मग वाढवतात. 5-6 किलोच्या कुत्र्यासाठी कॅप्सूल उघडून भुकटीचे अंदाजाने भाग करू नयेत. पातळ औषध लिहून घ्यावं, मात्र त्यात झायलिटॉल (गोडीसाठी घालतात तो पदार्थ) नाही याची खात्री करावी, कारण ते कुत्र्यांना विषारी आहे. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचा नाही. सुरुवातीला भूक मंदावते. जेवणासोबत दिल्यास पोट कमी बिघडतं. दोन दिवस ताटलीला तोंडच लावलं नाही, तर व्हेटला फोन करायचा.

सुरू करण्याआधी रक्ततपासणीत लिव्हर आणि किडनी बघून घ्यावी. कुठे दुखतंय का हेही बघावं, कारण कंबर किंवा सांधा दुखणारा कुत्राही चिडका होतो आणि त्याला या गोळीचा उपयोग नाही. फिट येत असतील तर आधीच सांगावं. सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे गळ्यातला गोचीडनाशक पट्टा. त्यात अमिट्राझ असेल तर तो फ्लुओक्सेटिनसोबत चालत नाही. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी चालू असेल तर तेही व्हेटच्या कानावर घालावं. थरथर, ताप, मोठ्या झालेल्या बाहुल्या असं एकत्र दिसलं की वाट न बघता दवाखाना गाठायचा.

गोळी कुत्र्याला काही शिकवत नाही, शिकता येईल इतकं डोकं शांत करते. म्हणून सराव लागतोच. किल्ली उचला, परत ठेवा, खाली बसा. दिवसातून दहा-पंधरा वेळा, कुत्रा उशीवरून डोकंही उचलेनासा होईपर्यंत. मग दार उघडून बंद करणं, मग बाहेर पाच सेकंद, मग वीस. कुत्रा धापा टाकू लागला किंवा लाळ गाळू लागला तर पल्ला जास्त झाला, मागे यावं. आणि सराव सुरू असताना त्याला तीन तास एकटं ठेवलं, तर आठवडाभराची मेहनत पाण्यात जाते. ही अट पाळणंच सगळ्यात अवघड. सोबतीला कोणी नाही अशा दिवसांसाठी व्हेट ट्रॅझोडोन हे शांत करणारं औषध जोडून देतात, निघण्याआधी तास-दीड तास. फ्लुओक्सेटिनवर असलेल्या कुत्र्याला त्याचा डोस मात्र स्वतः ठरवू नये.

फरक मोजायला जुना मोबाइल पुरतो. रेकॉर्डिंग लावून जायचं आणि तीनच गोष्टी लिहायच्या: पहिलं रडणं कितव्या मिनिटाला, आडवा कधी झाला, ठेवलेलं खाल्लं का. ‘आता बरा वाटतो’ या शेऱ्यावर डोस वाढवू नये, कमीही करू नये.

ढगांच्या गडगडाटाची भीती हा वेगळा मामला. त्यासाठी डेक्समेडेटोमिडिन या शांत करणाऱ्या औषधाचं जेल असतं, गाल आणि हिरडीच्या मध्ये लावायचं. कुत्र्याने गिळलं तर ते नीट काम करत नाही. लावणाऱ्याने हातमोजे घालावेत. एसेप्रोमाझिन हे गुंगीचं औषध एकटं देणं मात्र टाळलेलं बरं: अंग ढिलं पडतं, भीती जशीच्या तशी.

गोळी बंद करण्याचा विचार काही महिने सलग चांगले गेल्यावरच, आणि तोही घर बदलणं किंवा नवं बाळ येणं असं काही समोर नसताना. दर दोन आठवड्यांनी साधारण पाव डोस कमी करायचा. औषध शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे कमी केल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. पहिलं रडणं पुन्हा अलीकडे सरकू लागलं तर व्हेटला विचारून आधीच्या डोसवर परत जायचं.