मेलमन ३ : निसर्गमंडळाच्या मेलिंग लिस्टसाठी कितपत उपयुक्त?

ठाणे खाडी आणि येऊरच्या परिसरातील पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या मंडळाचा पत्रव्यवहार मेलमन ३ या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मेलिंग लिस्टमधून होतो. व्हॉट्सॲपवर कालची नोंद आजच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. इथे पत्रे विषयवार जतन होतात आणि मागच्या हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो कधी दिसू लागले, हे नव्या सभासदालाही शोधता येते.

लिस्टच्या पत्त्यावर आलेले पत्र सर्व सभासदांना जाते, परक्याचे पत्र मॉडरेटरच्या मंजुरीसाठी थांबते, आणि ज्यांना दिवसभर ई-मेल नको असतात त्यांना सर्व पत्रे एकत्र मिळण्याची सोय आहे. पत्राच्या आकाराची मूळ मर्यादा मात्र ४० केबी असल्याने छायाचित्रे अडकून राहतात. ती आधीच वाढवावी.

या सॉफ्टवेअरचे मोठेपण मला परत आलेल्या पत्रांच्या हाताळणीत दिसते. पत्र पोहोचले नाही तर त्या पत्त्याच्या नावावर एक गुण चढतो, आणि एका दिवसात कितीही पत्रे परतली तरी गुण एकच धरला जातो. मूळ मांडणीत पाच गुण झाले की पत्रे पाठवणे थांबते, पण सभासदत्व लगेच रद्द होत नाही. आधी सात-सात दिवसांनी तीन सूचना जातात. मेलबॉक्स भरलेल्या ज्येष्ठ सभासदाला एवढी मुदत मिळते, हे मला अतिशय योग्य वाटते.

ॲडमिनने खरी काळजी घ्यावी ती डीमार्कची, म्हणजे पत्र खरोखर पाठवणाऱ्याच्या डोमेनवरून (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून) आले आहे का हे तपासणाऱ्या व्यवस्थेची. विषयाआधी मंडळाचे नाव किंवा शेवटी तळटीप जोडली की मूळ पत्राची डिजिटल सही जुळेनाशी होते, आणि पत्र लिस्टच्या सर्व्हरवरून आल्यामुळे पाठवणाऱ्याच्या डोमेनशी त्याचा मेळही बसत नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने अशी पत्रे नाकारण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा याहूच्या सभासदाने लिहिलेले पत्र इतरांकडून परत येऊ लागले आणि काहीही न करणाऱ्या त्या इतरांच्या नावावर गुण चढू लागले. यावर मेलमनमध्ये उपाय आहे : प्रेषक म्हणून लिस्टचा पत्ता दाखवायचा आणि लेखकाचा पत्ता उत्तरासाठी ठेवायचा. लिस्ट सुरू करण्यापूर्वी ही सोय चालू केलेली असावी.

उभारणी सोपी नाही. मुख्य सॉफ्टवेअर, व्यवस्थापनासाठी पोस्टोरियस, संग्रहासाठी हायपरकिटी आणि शिवाय मेल सर्व्हर, असे सगळे जुळवावे लागते. केवळ पाणीकपातीच्या सूचना पाठवणाऱ्या सोसायटीला गूगल ग्रुप्स पुरेसे आहे. मात्र याहू ग्रुप्स ही तशीच सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली, हे आठवले की वर्षानुवर्षांच्या नोंदी स्वतःच्या सर्व्हरवर असाव्यात असेच मला वाटते. मेलमनमधला संग्रह एमबॉक्स, म्हणजे सर्व पत्रे एकाच फाइलमध्ये साठवणाऱ्या, स्वरूपात उतरवूनही ठेवता येतो. सर्व्हर सांभाळणारी किमान दोन माणसे असतील, तर अशा मंडळांनी मेलमन ३ अवश्य निवडावे.