चाळीस पाउंडी ब्रेड लाइन, आठ महिने वापरल्यावर

परवा वाशिष्ठीत लूर (गळ लावलेला खोटा मासा) बुडालेल्या झाडात अडकला. लाइन (ब्रेड म्हणजे बारीक धागे विणून केलेली गळाची दोरी) काठीला गुंडाळून मागे मागे गेलो आणि लूर परत आला. ट्रेबल हुकच्या तीन आकड्यांपैकी एक दाभणासारखा सरळ झालेला, बाकी सगळं शाबूत. मागच्या हंगामात हाच लूर नदीला वाहून आलो असतो. त्या खुशीत लिहायला बसलोय. लाइनवर राग आहेच, तो पुढे येईल.

आधी वीस पाउंडी, आठ पदरी वापरायचो. दुकानदार म्हणाला, तांबोशी सापडून सापडून दोन-तीन किलोची सापडणार, वीस पाउंड म्हणजे नऊ किलोचा ताण, डोळे झाकून घ्या. माशाचा हिशेब बरोबर होता, लाकडाचा कुणी केलाच नव्हता. चिपळूणच्या खाली नदीच्या पोटात किती ओंडके आहेत आणि त्यातले किती 2021 च्या पुराने आणून टाकले, ते नदीलाच ठाऊक. काठाला खारफुटी, तिच्या मुळांना कालवं. पाण्यात उतरून लूर सोडवावा तर मगरी. ओहोटीची वाट बघत बसावं तर वरून कोयनेच्या वीजघराचं पाणी येऊन पातळी चढते. त्या हंगामात अकरा लूर गेले. वहीत लिहून ठेवलेत : 4,730 रुपये. आमचे होडीवाले मामा स्वतः जाड तंगूस वापरतात. म्हणाले, "मासा न्यायला येतोस की लूर पेरायला?"

तेव्हा घरी बॅग मोजायचा आकड्याचा वजनकाटा काढला. वीस पाउंडी लाइन गाठीपाशी साडेसहा किलोलाच तुटली. लूरवरचा चार नंबरचा हुक, एकाच आकड्यावर ताण दिला तर, आठ-साडेआठला उघडला. म्हणजे हुक वाकायच्या आधी लाइन तुटणार, दर वेळी. चाळीस पाउंडी चार पदरी आणली (1,250 रुपये), तिची गाठ तेराच्या आसपास सुटली. हे आकडे माझ्या हुकचे आणि माझ्या कच्च्यापक्क्या गाठींचे. तुमचा हुक जाड असेल तर तुम्हीच टांगून बघा.

ऑक्टोबरपासून आजवर दोन लूर गेले. दोनच.

पण पहिले दोन महिने मी ही लाइन सगळ्यांच्या गळ्यात मारत होतो, ते आता मागे घेतो. एक म्हणजे सात ग्रॅमचा लूर हिच्यावर जातच नाही, वारा समोरून असेल तर पायाशी पडतो. चौदाच्या पुढे ठीक. दुसरं, लीडर (लाइन आणि लूर यांच्या मधला वेगळा तुकडा) मी साठ पाउंडी लावत होतो, कालवांना पुरून उरावा म्हणून. जानेवारीत लूर घट्ट रुतला आणि लाइन मध्येच कुठेतरी तुटली. तीसेक मीटर हिरवी दोरी खारफुटीत लोंबत राहिली, आणि तिथे बगळे बसतात. दिवसभर जेवण गोड लागलं नाही. आता लीडर तीस पाउंडी मोनो, म्हणजे एकपदरी तंगूस, हातभर लांब. हुक उघडलाच नाही तर लूरपाशी तुटतं, दोरी परत येते. कालवांनी लीडर खरवडला जातो, म्हणून दर दोन-तीन माशांनी चिमटीतून ओढून बघायचा आणि खडबडीत लागला की कापायचा. ड्रॅग, म्हणजे रीळाचा ब्रेक, पाच किलोच्या वर नेत नाही. तांबोशी पहिल्या झटक्यात मुळांकडे पळते तेव्हा हात आपोआप ड्रॅगकडे जातो. तिथे चार किलोवर ठेवून दोन घालवल्या, पाचवर एक काढली. हातावर लाइन गुंडाळून ओढू नका. माझ्या तर्जनीवर नोव्हेंबरची खूण आहे. सुटलेला लूर तोंडावर येतो, चष्मा घाला.

आता रंग. डब्यावर लिहिलंय, रंग टिकाऊ. पहिल्याच दिवशी बोटं हिरवी, मग रॉडच्या कड्या हिरव्या, मग पांढऱ्या शर्टाच्या खिशाला हिरवा डाग, जो निरम्याने, लिंबाने, कशानेही गेला नाही. आई म्हणाली, "ब्रेड आणला म्हणालास, चहाबरोबर खायचा असेल असं वाटलं. हा तर भिंतीचा रंग निघाला." दुकानात नेऊन दाखवलं, तर दुकानदार म्हणाला रंगाने ताकदीला फरक पडत नाही. अहो, पडत नाही हे मलाही माहीत आहे. मग डब्यावर लिहिता कशाला? तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्याने एक स्विव्हलचं (लाइनला लावायच्या फिरत्या कड्यांचं) पाकीट हातावर ठेवलं. मी घेतलं. शर्ट साडेसहाशेचा होता.

एप्रिलपर्यंत वरचे पन्नास मीटर पांढरट आणि केसाळ झाले. नवी घेणार नाही. एवढ्याशा नदीत पन्नासच्या पुढे लाइन जातेच कुठे? काल पायरीवर बसून सगळी उलटी भरली, आतली कोरी बाजू वर आली. गर्द हिरवी आहे. हा मजकूर लिहिताना कीबोर्डवरही लागलाय.