रेसचा खास दिवस: पुणे, महालक्ष्मी की ॲस्कॉट?

वडिलांची पंचाहत्तरी असो, कंपनीचे पाहुणे असोत की जूनमध्ये लंडनला लेकीकडे जायचा बेत असो, ‘या वेळी रेसला जाऊ आणि थाटात जाऊ’ असं ठरलं की पुणेकरापुढे तीन पर्याय येतात: आपलं पुणे रेसकोर्स, मुंबईत महालक्ष्मीची इंडियन डर्बी (डर्बी म्हणजे हंगामातली मानाची शर्यत) आणि इंग्लंडमधलं रॉयल ॲस्कॉट. चांगली खुर्ची, बसून जेवण आणि डोक्यावर छप्पर तिन्हीकडे मिळू शकतं. माझ्या लेखी निवड ठरते ती एका गोष्टीवर: मिळालेल्या बॅजवर, म्हणजे प्रवेशाच्या पासवर, पॅडॉकपर्यंत (शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या आवारापर्यंत) जाता येतं का? कुठल्याही पॅकेजचा कागद हातात आला की मेनूचं पान मी शेवटी बघतो.

त्याला कारण आहे. बहुतेक शर्यती एक-दोन मिनिटांत संपतात. दोन शर्यतींमध्ये साधारण अर्धा तास असतो आणि तो खरा पॅडॉकचा. सईस लगाम धरून घोड्याला गोल फिरवत असतात. एखाद्याच्या मानेवर आणि मागच्या मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस दिसतो, दुसरा कान टवकारून निवांत पावलं टाकत असतो. मग जॉकी येतात, ट्रेनरशी दोन शब्द बोलतात, गुडघ्याखाली हाताचा आधार मिळाला की क्षणात खोगिरावर, आणि घोड्याची सगळी पाठ ताठ होते. पहिल्यांदा आलेल्या माणसालाही इथे आपला घोडा सापडतो. वरच्या मजल्यावरच्या काचेआड कितीही उत्तम जेवण मिळालं तरी हे मिळत नाही.

आधी पुणे. सोलापूर रस्ता आणि एम्प्रेस गार्डन यांच्या शेजारचं हे मैदान १८३० पासूनचं. इथला हंगाम पावसाळी, साधारण जुलै ते ऑक्टोबर. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब पावसाळ्यात पुण्यात आणि हिवाळ्यात मुंबईत शर्यती भरवतो. पुण्यात ‘प्रीमियम’ म्हणजे मेंबरांचा भाग, आणि तिथली वाट मेंबरच्या ओळखीतूनच जाते. पुण्यात दोन ओळखींपलीकडे कुणी ना कुणी मेंबर निघतोच, तेव्हा आधी फोन फिरवा. पाहुण्यांचे पास किती मिळतील, पोशाखाचा नियम काय, अठरा वर्षांखालची मुलं चालतील का, हे त्यांच्याकडूनच पक्कं करून घ्या. ओळख नसेल तर फर्स्ट एन्क्लोजरचं, म्हणजे सर्वांसाठी खुल्या भागाचं, तिकीट काढून जा. त्यात कमीपणा काही नाही.

पुण्यात डर्बीचा दिवस टाळा, हे मी ठामपणे सांगेन. त्या दिवशी गर्दी, प्रायोजकांचे पाहुणे, फोटो आणि भाषणं यांत घोडे मागे पडतात. ऑगस्टमधला एखादा साधा शनिवार किंवा रविवार घ्या. हिरवंगार मैदान, मधूनच येणारी सर, आणि ज्येष्ठांना हवं तेव्हा बसता-उठता येईल इतकी मोकळीक. दोन गोष्टी मात्र पुण्याच्याच. हंगामात श्रावण येतो, चतुर्थी येते, तेव्हा जेवण ठरवताना उपवास कुणाचा आहे ते विचारा. आणि गणपतीच्या दिवसांत कोथरूड किंवा पेठेतून निघणार असाल तर पहिली शर्यत गाठण्याचा हट्ट सोडा. बूट असे घाला की ओल्या गवतावर घसरणार नाहीत.

महालक्ष्मीचा प्रकार वेगळा. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते, २४०० मीटर, परंपरा १९४३ पासूनची. हवा कोरडी, मुंबई नटून आलेली. कंपनीच्या पाहुण्यांना छाप पाडणारा दिवस हवा असेल तर हाच. पण बॉक्स किंवा टेबल बहुतेकदा कुणाच्या तरी नावावर असतं. मध्यस्थ कुणी असेल तर ‘जागा नक्की कुठल्या स्टँडमध्ये आणि विनिंग पोस्टपासून (शर्यत संपते त्या खांबापासून) किती लांब’ हे लेखी घ्या. प्रवासाचाही विचार करा. सकाळी डेक्कन क्वीननं दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या लोकलनं महालक्ष्मी स्टेशन गाठता येतं, रेसकोर्स लगतच आहे. परतीची डेक्कन क्वीन मात्र संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते आणि डर्बीची मुख्य शर्यत दुपार कलल्यावर असते. त्यामुळे गाडी करा किंवा मुक्काम धरा. मुक्कामाचा खर्च या पर्यायात पहिल्यापासून मोजा, नाहीतर तुलना खोटी पडते.

आता ॲस्कॉट. १७११ मध्ये राणी ॲननं सुरू केलेलं हे मैदान. जूनमध्ये मंगळवार ते शनिवार असे पाच दिवस, रोज सात शर्यती, आणि दुपारी दोन वाजता राजघराण्याच्या घोडागाड्यांची मिरवणूक. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून ट्रेननं तासाभरात पोचता येतं आणि स्टेशनपासून थोडंच चालणं. रॉयल एन्क्लोजर हा सदस्यांचा आणि त्यांच्या शिफारशीचा भाग, तो आपल्या हिशेबात धरू नये. उरतात तीन: क्वीन ॲन, व्हिलेज आणि विंडसर.

इथेच माझा निकष कामाला येतो. व्हिलेज मैदानाच्या मधल्या भागात आहे, वातावरण जत्रेसारखं मोकळं, तरुणांना आवडेल. पण मुख्य स्टँड आणि परेड रिंग, म्हणजे तिथला पॅडॉक, पलीकडे राहतात. विंडसर स्वस्त, स्वतःचा डबा घेऊन गवतावर बसण्याची सोय, मिरवणूक जवळून दिसते, परेड रिंग मात्र नाही. क्वीन ॲनमधून परेड रिंग गाठता येते. तेव्हा आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर व्हिलेजमधल्या महागड्या जेवणापेक्षा क्वीन ॲनचं साधं तिकीट घ्या. पैसे उरले तर त्याच भागातलं जेवणाचं टेबल जोडा. गुरुवारी गोल्ड कप असतो आणि त्या दिवशी गर्दी भरपूर, म्हणून ज्येष्ठांसाठी मंगळवार किंवा बुधवार बरा.

क्वीन ॲनमध्ये पुरुषांना सूट-टाय आणि घोटा झाकणारे मोजे लागतात, स्त्रियांना डोक्यावर हॅट किंवा तसं काही. परदेशी पाहुण्यांना आपल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो, त्यामुळे आईची पैठणी आणि बाबांचा बंदगळा खुशाल काढा. बुकिंगच्या वेळी ईमेल करून खात्री केलेली बरी. त्याच ईमेलमध्ये शाकाहारी किती, अंडं चालतं का, लिफ्ट कुठे आहे, हेही विचारा.

ॲस्कॉटचं बुकिंग थेट त्यांच्याकडून किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या एजंटकडूनच करा, आणि शक्यतो तिथे राहणाऱ्या लेकीच्या किंवा मुलाच्या नावावर. व्हिसा लांबला तर तिकीट दुसऱ्याला देता येईल का, पैसे किती परत मिळतील, हे पैसे भरण्याआधी वाचा. पुण्यात हाच प्रश्न पावसाचा: शर्यती रद्द झाल्या तर जेवणाचे पैसे परत की पुढची तारीख? आणि तिन्हीकडे पैजेचे पैसे पॅकेजमध्ये नसतात. ते वेगळ्या पाकिटात ठेवा आणि आकडा घरूनच ठरवून निघा.