खारपाणपट्ट्यात झिंग्याच्या तळ्यासाठी जागा सुचवणारी नकाशासेवा: आमचा अनुभव

आमचे गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारे असलेल्या भागात आहे. विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही आणि ओलितालाही ते चालत नाही, म्हणून त्यावर व्हनामी जातीचा झिंगा (कोळंबी) पाळता येईल का हे पाहण्यासाठी आम्ही शेजारच्या तीन वावरांच्या मालकांनी मिळून उपग्रहाच्या नकाशांवरून जागा सुचवणाऱ्या एका खासगी सेवेकडे पैसे भरले.

मातीचा पोत, उतार, क्षारता, पूर, रस्ता आणि वीज यांचे थर एकमेकांवर ठेवून, प्रत्येकाला गुण देऊन त्यांनी हिरवे, पिवळे व लाल पट्टे आखून दिले. मी मनात धरलेला नाल्याकाठचा तुकडा लाल निघाला, तेव्हा राग आला. पण पावसाळ्यातल्या चित्रांत तेथे पाणी स्पष्ट दिसत होते आणि वडिलांनीही तेच सांगितले होते. एवढ्या एका गोष्टीने फी वसूल झाली.

हिरव्या पट्ट्याबाबत मात्र तक्रार आहे. उंचीचा नकाशा 30 मीटरच्या चौकटींचा असल्याने एकेक चौकट 900 चौरस मीटरची, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांची होते, आणि श्रावणात आमच्या धुऱ्यालगत (बांधालगत) वाहणारा हातभर खोल ओहोळ तीत दिसतच नाही. शिवाय अहवालाचा साचा किनाऱ्यावरचा आहे. भरतीरेषेपासून 200 मीटर अंतराची अट त्यात होती आणि तिच्यापुढे ‘लागू नाही’ असे छापले होते. ही अट 2005 च्या मूळ किनारी मत्स्यशेती कायद्यातली (2023 मध्ये त्यात दुरुस्ती झाली); कोकणात अशी अट समजू शकते, पण वऱ्हाडात तिच्या जागी विचारायचा प्रश्न, म्हणजे तळ्यातले खारे पाणी बदलताना सोडायचे कोठे, हा कोणत्याच थरात नव्हता. येथे ते नेणारी ओहोटी नाही; उतार शेजाऱ्याच्या हरभऱ्याकडे आहे.

क्षारतेचा आकडाही अपुरा ठरला. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात समुद्राच्या मानाने पोटॅशियम बहुधा कमी असते आणि त्यावाचून झिंगा तगत नाही. आम्ही स्वतः बाटली भरून प्रयोगशाळेत दिली, तेव्हा तेच निघाले. हे उपग्रहाला कळणार नाही हे मान्य, परंतु ‘आधी पाणी तपासा’ एवढी ओळ अहवालात हवी होती.

जागा बाद करण्यासाठी ही सेवा घ्यावी, पक्की करण्यासाठी नव्हे. आम्ही हिरव्या पट्ट्यात खुंट्या ठोकल्या आहेत. पाणी सोडण्याची सोय ठरेपर्यंत जेसीबी सांगितलेला नाही.