गेमस्कोप : जुन्या संगणकावरच्या रिझोल्युशनच्या कटकटीवर खात्रीचा इलाज

लिनक्स या संगणकप्रणालीवर गेम खेळताना रिझोल्युशनने (पडद्यावरच्या ठिपक्यांच्या रुंदी-उंचीने) छळले नाही असा माणूस विरळाच. गेम पडद्याच्या एका कोपऱ्यात उघडतो, चित्र धूसर दिसते, माउसचा बाण एकीकडे आणि क्लिक दुसरीकडे होते, किंवा गेम मध्येच बंद पडला की डेस्कटॉपवरची चिन्हे वाटीएवढी होऊन बसतात. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या खेड्यांत जे संगणक दिसतात ते बहुधा नागपूर-अमरावतीहून आणलेले, कार्यालयांतून निघालेले जुने संच असतात. त्यांवर लिनक्स उत्तम चालते, पण मुलांनी गेम लावला की हीच तक्रार घेऊन ती येतात. या तक्रारीवर व्हॉल्व्ह कंपनीचे गेमस्कोप हे मोफत, मुक्तस्रोत साधन मला सर्वांत भरवशाचे वाटते.

त्रासाचे मूळ असे की जुने गेम मॉनिटरचे रिझोल्युशन स्वतःच बदलू पाहतात आणि बंद पडताना ते पूर्ववत करण्याचे राहून जाते. वेलँड या लिनक्सच्या नव्या पडदा-व्यवस्थेवर आणखी एक गुंता असतो. डेस्कटॉपची अक्षरे मोठी दिसावीत म्हणून १२५ टक्के स्केलिंग ठेवले, तर १९२०×१०८०च्या मॉनिटरवरही गेमच्या यादीत सर्वांत वरचा आकडा १५३६×८६४ असा दिसू शकतो, आणि ते चित्र ताणून दाखवल्यामुळे सगळे पुसट होते. गेमस्कोप हा तंटाच उपटून टाकतो : गेमला तो स्वतःचा वेगळा, कल्पित पडदा देतो, गेमने त्यात हवा तो आकार घ्यावा, खऱ्या मॉनिटरला हात लावण्याची वेळच येत नाही. २०२२ साली आलेल्या व्हॉल्व्हच्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेमयंत्रावरचे गेम याच साधनातून पडद्यावर येतात, त्यामुळे त्याची देखभाल नियमित होते.

वापर अवघड नाही. स्टीम या व्हॉल्व्हच्या गेम चालवण्याच्या ॲपमध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये लाँच ऑप्शन्सची चौकट असते. तिथे गेमस्कोपचे नाव लिहून लहान डब्ल्यू आणि एच पुढे गेमची रुंदी-उंची, मोठ्या डब्ल्यू आणि एच पुढे मॉनिटरची रुंदी-उंची, पूर्ण पडद्यासाठी लहान एफ, आणि शेवटी दोन आडव्या रेघांनंतर दोन टक्केचिन्हांमध्ये ‘कमांड’ हा शब्द इंग्रजीत लिहायचा. प्रत्येक अक्षराआधी एक आडवी रेघ द्यायची. मोठी अक्षरे गाळली तर चौकट १२८०×७२०ची धरली जाते, हे ध्यानात ठेवावे. मोठ्या एफपुढे एफएसआर (लहान चित्र मोठे करण्याची पद्धत) इंग्रजीत लिहिले की ७२०चे चित्र १०८०वर नेताना कडा नीट राखल्या जातात. गेम चालू असतानाच सुपर (विंडोजच्या चिन्हाचे बटण) आणि यू ही बटणे दाबून एफएसआर चालू-बंद करता येते; गेममधल्या बारीक अक्षरांकडे पाहत ते करून पाहावे, फरक तत्काळ कळतो.

आमच्याकडे या साधनाचा मोठा उपयोग उन्हाळ्यात होतो. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत जुना संगणक भट्टीसारखा तापतो. गेम ७२०वर चालवला आणि लहान आर देऊन फ्रेमची मर्यादा ३०वर आणली की ग्राफिक्सवरचा ताण कमी होतो, पंख्याची घरघर उतरते आणि लोडशेडिंगच्या वेळी इन्व्हर्टरही जास्त तग धरतो. चित्र थोडे कमी तरल दिसते, पण शेती किंवा डावपेचांच्या गेममध्ये ते मला मुळीच खटकत नाही.

आता उणिवा. गेमस्कोपला व्हल्कन ही ग्राफिक्स चालवण्याची प्रणाली लागते, आणि जुन्या बाजारात सर्रास मिळणाऱ्या चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये त्याचा आधार अपुरा आहे. असा संच असेल तर यामागे वेळ घालवू नये, वाइन या विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाच्या सेटिंगमधला व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरावा. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर ड्रायव्हर ५१५ मालिकेतला किंवा त्यापुढचा हवा आणि त्यातले मोडसेट हे सेटिंग चालू हवे. फेडोरा आणि आर्च या लिनक्सच्या प्रकारांच्या सॉफ्टवेअर भांडारात गेमस्कोप सहज मिळतो, मात्र फ्लॅटपॅक या वेगळ्या बांधणीचे स्टीम वापरणाऱ्यांना त्याचा जोड वेगळा उतरवावा लागतो, ही गोष्ट नवख्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. अधिकृत माहितीपत्रक फारच त्रोटक आहे. इतक्या चांगल्या साधनाला ते शोभत नाही.

एका ठिकाणी मात्र गेमस्कोपचा काही उपाय चालत नाही. जुन्या व्हीजीए मॉनिटरला जोडलेला स्वस्त एचडीएमआय कन्व्हर्टर मॉनिटरची ओळख संगणकापर्यंत पोहोचवत नसेल, तर लिनक्स १०२४×७६८वर अडून बसते. एक्स ११ या वेलँडच्या आधीच्या पडदा-व्यवस्थेवर एक्सरँडर ही आज्ञा दिली की उपलब्ध आकड्यांची यादी दिसते; त्यात मॉनिटरचा खरा आकडा नसेल तर आधी वायर आणि कन्व्हर्टर बदलून पाहावे, तरीही न जमल्यास सीव्हीटी या आज्ञेने त्या आकड्याचा मोड काढून एक्सरँडरमध्ये जोडावा, आणि मगच गेमस्कोपची मोठी अक्षरे त्या आकड्याशी जुळवावीत.