मे महिन्यातला दूधसागर : कुळ्याची जीप फेरी

रेल्वेच्या पुलाला भिडून फेसाळत कोसळणारा, पावसाळ्यातला दूधसागर धबधबा डोळ्यांपुढे ठेवून कोणी मे महिन्यात गोव्यातल्या कुळे गावी जाणार असेल, तर त्याची निराशा होईल हे आधीच सांगितलेले बरे. या दिवसांत 310 मीटर उंचीच्या त्या कड्यावरून पाण्याच्या मोजक्याच धारा उतरत असतात आणि एरवी झाकलेला काळा कातळ बराचसा उघडा पडलेला असतो. तरीही सासूबाई, नणंद आणि सुट्टी लागलेली मुले अशा आमच्या गोतावळ्याला ही सहल मनापासून आवडली. त्याचे निम्मे श्रेय जीपला आणि निम्मे पायथ्याच्या डोहाला द्यावे लागेल.

धबधब्याची वाट भगवान महावीर अभयारण्यातून जात असल्यामुळे तिथे आपली गाडी नेता येत नाही. कुळे रेल्वे स्थानकाच्या परिसरातून सुटणाऱ्या जीपमध्ये सात प्रवासी बसतात. भाडे अख्ख्या जीपचे असल्यामुळे माणसे कमी असतील तर रांगेतल्या दुसऱ्या कुटुंबाशी जुळवून घेणे परवडते. वनखात्याचे प्रवेशशुल्क आणि लाइफ जॅकेटचे भाडे वेगळे. किनाऱ्यावरच्या एका एजंटाने आम्हाला याच फेरीचे जवळजवळ दुप्पट पैसे सांगितले होते, त्यामुळे थेट नोंदणी करणे केव्हाही चांगले. रुळांवरून चालत जाण्याचा जुना मार्ग मात्र कोणी सुचवला तरी धरू नये, कारण रेल्वे आता त्यावर कारवाई करते.

जीपचा पाऊण तास हाच या सेवेचा खरा कस आहे. तांबडी धूळ इतकी उडते की मागच्या बाकावर बसणाऱ्याने रुमाल नाकाला बांधलेलाच बरा, आणि दगडधोंड्यांवरून जाताना डोके छताला आपटू नये म्हणून वरचा दांडा सतत धरून ठेवावा लागतो. आमचा चालक मुरलेला होता. प्रत्येक ओहोळापाशी तो गाडी क्षणभर थांबवी, गिअर बदली, मागे वळून "आजी, घट्ट धरून बसा" असे बजावी आणि मगच चाके पाण्यात घाली. घाई करणाऱ्या दुसऱ्या जीपला त्याने शांतपणे पुढे जाऊ दिले, याचे मला विशेष वाटले. वयस्कर माणसे बरोबर असतील तर निघण्यापूर्वीच चालकाशी दोन शब्द बोलून ठेवावेत.

जीप थांबते तिथून पुढे सुमारे एक किलोमीटर मुळांवरून आणि मोठाल्या दगडांमधून चालावे लागते. पावसाळा सरताच इथले दगड निसरडे असतात; मेमध्ये ते कोरडे असल्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई हातात काठी आणि पायांत पट्ट्यांच्या सँडल एवढ्या तयारीवर डोहापर्यंत पोहोचल्या. गुडघेदुखी जुनी असेल तर मात्र हा हट्ट करू नये, कारण वाटेत खुर्ची किंवा डोलीची सोय आम्हाला कुठेही दिसली नाही. माकडांपासूनही सावध राहावे लागते. नणंदेच्या हातातली चिवड्याची पिशवी एका वानरीने इतक्या सफाईने काढून घेतली की ओरडायलाही सवड मिळाली नाही.

डोहाचे पाणी भर उन्हाळ्यातही गार असते आणि काठावर पाय सोडून बसले की बारीक मासे तळव्यांना लुचू लागतात. लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत, हे लहान मुलांच्या आईबापांना दिलासा देणारे आहे. जॅकेटचे पट्टे मात्र आपण स्वतः ओढून तपासावेत, कारण आम्हाला मिळालेल्यांपैकी एकाचे बक्कल सैल होते आणि ते बदलून घ्यावे लागले. आम्ही पाण्यात असताना वरच्या पुलावरून एक मालगाडी घाट चढत गेली. घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक स्थानकापर्यंतचा चढ 37 ला 1 (37 मीटर अंतराला 1 मीटर उंची) इतका तीव्र असल्यामुळे गाडीला मागून जादा इंजिने जोडलेली असतात, आणि मुलांना धबधब्यापेक्षा त्यांचेच अधिक कौतुक वाटले.

परतण्यापूर्वी तिथे मिळालेला दीड तास पोहणाऱ्यांना अपुरा आणि नुसते बसणाऱ्यांना पुरेसा आहे. पाण्याचा जोर पाहायचा असेल तर ऑक्टोबरात जीप सुरू होताच जावे. आजी आणि नातवंडे एकत्र न्यायची असतील तर मे चालेल, फक्त सकाळची पहिली फेरी पकडावी आणि शनिवार-रविवार टाळावा. दुपारी मोले गावात जेवून तांबडी सुर्ला गावच्या कदंबकालीन महादेव मंदिराकडे वळता येते.